दुधाच्या दातांचे दप्तर

संस्कृत भाषेने द्विज हे नाव तिघांना दिले आहे. उपनयनाने ज्याचा दुसरा जन्म होतो तो बटू द्विज, अंडे फोडून जो पुन्हा जन्मतो तो पक्षी द्विज, आणि एकदा पडून हिरडीतून पुन्हा उगवतो तो दातही द्विजच. यांपैकी बटूच्या दुसऱ्या जन्मावर धर्मशास्त्रकारांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले; पक्ष्याच्या जन्माकडे कवींचे लक्ष होते; परंतु दाताचा पहिला जन्म, ज्याला आपण मराठीत मोठ्या मायेने ‘दुधाचे दात’ म्हणतो, तो आला त्या दिवशी कौतुकाचा आणि पडला त्या दिवशी विधीचा विषय झाला असला, तरी त्या दोन दिवसांमधली जी पाच-दहा वर्षे तो बाळाच्या मुखात वास करतो, त्या वर्षांची विचारपूस आमच्या घरांत फारशी कोणी केली नाही. या अर्ध्या कौतुकाचा आणि अर्ध्या उपेक्षेचा इतिहास मी माझ्या गावापुरता, म्हणजे कल्याणापुरता, येथे मांडणार आहे.

कल्याणच्या इतिहासाला कागदांची वाण नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्द्याने आपल्या प्रवासपुस्तिकेत ‘कल्लिएना’ म्हणून या बंदराची नोंद केली; कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांचे आणि सोनारांचे उल्लेख आहेत; १६५७ साली शिवाजीमहाराजांनी हे शहर घेतले आणि खाडीकाठच्या दुर्गाडीच्या आश्रयाने मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ झाला; पेशवाईत सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांचा अंमल येथून चाले, आणि त्यांचा सुभेदारवाडा हे नाव आजही गावाच्या तोंडी आहे. जकातीच्या, इनामांच्या, तहांच्या नोंदी दप्तरांत सापडतात. मात्र त्याच वाड्यांच्या माजघरात, बाळंतिणीच्या बाजेशेजारी, शेकशेगडीच्या उबेत जे घडत होते, त्याची नोंद ठेवणारा कारकून कधीच नेमला गेला नाही. ते दप्तर बायकांच्या स्मरणात होते, आणि एकेक म्हातारी गेली तसतसे त्याचे एकेक पान नाहीसे झाले.

त्यातले एक पान मी पाहिलेले आहे. आमच्या आजीजवळ शिसवी लाकडाची एक पेटी होती आणि तिच्यात बाळगुटीचे सामान असे: बाळहिरडा, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड, सुंठ, ज्येष्ठमध, काकडशिंगी, अतिविष, बदाम आणि खारीक. सहाणेवर आईच्या दुधात एकेक वस्तू उगाळायची, कोणत्या वस्तूचे किती वळसे घ्यायचे याचा हिशेब बाळाच्या महिन्यांवर आणि त्या दिवशीच्या पोटावर अवलंबून, आणि तो हिशेब आजीच्या बोटांत. पेटीच्या कोपऱ्यात एका वेगळ्या पुरचुंडीत, वासाने इतर वस्तू बाटू नयेत म्हणून, डिकेमाली बांधलेली असे. रानातल्या एका झुडपाच्या कोवळ्या कोंबांवर जमणारी ही हिरवट-पिवळी राळ. तिचा दर्प इतका उग्र की जखमेवर माश्या बसू नयेत म्हणूनही तिचा उपयोग करीत. बाळाला दात येऊ लागले, लाळ गळू लागली, परसाकडे पातळ होऊ लागले, की डिकेमालीचा अर्धा वळसा गुटीत वाढे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम हिंदुस्थानातील वनौषधींचा अभ्यास करणारे डायमॉक यांनी या राळेची दखल घेतली आहे. आमच्या आजीने डायमॉकांचे नावही ऐकले नव्हते, पण कल्याणच्या बाजारात काष्ठौषधी विकणाऱ्याच्या दुकानी खरी राळ कोणती आणि भेसळीची कोणती हे ती नुसत्या वासावरून सांगे.

हिरड्या शिवशिवू लागल्या म्हणजे बाळाच्या मुठीत खारीक देत किंवा ज्येष्ठमधाची काडी देत. खारीक कडक असते, सहजासहजी तुटत नाही, आणि चोखता चोखता सुटणाऱ्या गोडीने बाळ रमते. आईचे अर्धे काम होते. याच सुमारास उष्टावण येई. मुलाचे सहाव्या किंवा आठव्या महिन्यात, मुलीचे पाचव्या किंवा सातव्या महिन्यात, चांदीच्या वाटीतली खीर मामाच्या किंवा आजोबांच्या हातून बाळाच्या ओठाला लागे. आणि पुष्कळदा त्याच चमच्यावर पहिल्या दाताचा किणकिण आवाज होई. दात आला हे डोळ्यांनी पाहण्याआधी कानांनी कळत असे.

मात्र तो दात वरचा की खालचा, हा प्रश्न लहान नव्हता. खालचे पुढचे दोन आधी आले तर ठीक. वरचे आधी आले तर ते मामाला जड, ही समजूत कोकणात आणि देशावर सारखीच दृढ होती. बाळ दातांसह जन्माला आले तर शांतीचा विधी करीत. या समजुती निरक्षरांच्या म्हणून बाजूला सारण्यासारख्या नाहीत, कारण त्यांच्या मुळाशी ग्रंथ आहेत. बालरोगांवरचा आपला सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. नेपाळात सापडलेल्या खंडित पोथीवरून तो १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयातून छापून निघाला, आणि त्यात ‘दंतजन्मिक’ नावाचा एक सबंध अध्याय दातांच्या जन्माला वाहिलेला आहे. दातांसह जन्म होणे आणि वरचे दात आधी येणे ही दोन्ही अशुभ लक्षणे त्यात सांगितली आहेत.

पण त्याच अध्यायात अशीही वाक्ये आहेत की ती वाचताना लेखकाच्या निरीक्षणापुढे मान लवते. बत्तीस दातांपैकी काही एकदाच उगवतात आणि बाकीचे दोनदा, हे त्याने स्पष्ट लिहिले आहे. एकदाच येणारे तो आठ धरतो. आजच्या शारीरशास्त्राप्रमाणे दुधाचे दात २० आणि एकदाच येणाऱ्या दाढा १२, म्हणजे त्याचा हिशेब चारांनी चुकला, पण भेद त्याने अचूक ओळखला. मुलींचे दात लवकर आणि कमी त्रासाने येतात, मुलांचे उशिरा आणि अधिक पीडेने, असे तो म्हणतो आणि त्याचे कारण हिरडीच्या घडणीत शोधतो. दातांचे बरेवाईटपण आईबापांच्या अनुकरणाने ठरते, हेही त्याला दिसले होते. चौथ्या महिन्यात येणारे दात दुर्बल आणि आठव्या महिन्यातले सर्वगुणसंपन्न, हे त्याचे मत मात्र आज टिकत नाही, कारण सहाव्या महिन्याच्या आसपास पहिला दात येणे हेच आज सर्वसाधारण मानले जाते, आणि चार-सहा महिने मागेपुढे झाले तरी चिंतेचे कारण नसते.

वाग्भटाने अष्टांगहृदयात एक विलक्षण उपमा योजिली आहे. मांजराची पाठ वाकताना आणि मोराला तुरा फुटताना जशी सर्वांगाला व्यथा होते, तशी दात फुटताना बालकाला होते, असा तिचा आशय. दात येणे हे सर्व रोगांचे कारण, असेही तो म्हणतो; आणि लगेच, ज्या समंजसपणाबद्दल त्याला शतकानुशतके धन्यवाद द्यावेत अशा समंजसपणाने, सांगतो की या दुखण्यांत बाळाला पथ्यापाण्याने फार जखडू नये, दात आले म्हणजे ती आपोआप शमतात. आमच्या माजघरांनी यातले पहिले विधान घट्ट धरले आणि दुसरे विसरले, असे मला वाटते. ‘दात येताहेत’ हे सहा अक्षरांच्या कुलपासारखे झाले होते: ताप आला, दात येताहेत, जुलाब झाले, दात येताहेत, बाळ मलूल पडले, दात येताहेत. कुलूप लागले की आत काय आहे हे पाहायला कोणी जात नसे. सहाव्या महिन्याला बाळ रांगू लागते, जमिनीवरचे सारे तोंडात घालते, वरचे अन्न आणि वरचे पाणी सुरू होते, आईकडून मिळालेली रोगप्रतिकाराची शिदोरी संपत येते. हे सारे एकाच वेळी घडते आणि दोष मात्र त्या वेळी डोळ्यांना दिसणाऱ्या एकाच गोष्टीवर, दातावर, येतो.

या भ्रमात आम्ही एकटे नव्हतो. इंग्लंड-वेल्सच्या मृत्युनोंदींत १८३९ या एका सालात ५,०१६ मृत्यूंचे कारण ‘दात येणे’ असे अधिकृतपणे लिहिले गेले आहे. सोळाव्या शतकातल्या आंब्रोझ पारे या फ्रेंच शस्त्रवैद्याच्या काळापासून युरोपातील वैद्य फुगलेली हिरडी शस्त्राने चिरीत. अमेरिकेत १८४९ पासून दात येणाऱ्या बाळांसाठी ‘मिसेस विन्स्लोचे सुदिंग सिरप’ विकले गेले, त्यात मॉर्फिन होते. दातांसाठी म्हणून बाळांना चारल्या जाणाऱ्या चूर्णांत पारा असे. त्याने हातपाय लालगुलाबी होऊन सोलणारा एक रोग होई, आणि कारण पारा आहे हे १९४८ च्या सुमारास उमगल्यावर १९५४ च्या आसपास ती चूर्णे ब्रिटिश बाजारातून गेली. आमच्याकडच्या मृत्युनोंदीत दातांना रकाना नव्हता. गावचा पोलीस-पाटील जी नोंद तालुक्याला पाठवी, तिच्यात पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, अपघात आणि इतर एवढेच काय ते रकाने असत. पाटील बाळाच्या नावापुढे ‘ताप’ लिही, आणि माजघरात बायका ‘दातांनी गेले’ म्हणत.

येथे कल्याणच्या एका लेकीचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. ३१ मार्च १८६५ रोजी या गावात जोशांच्या घरी यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी तिचे लग्न होऊन ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांचा होऊन गेला. त्या बाळाच्या हिरडीत, आज आपल्याला ठाऊक आहे त्याप्रमाणे, वीसही दुधाच्या दातांचे अंकुर तयार होते, कारण गर्भाच्या सहाव्या आठवड्यापासूनच त्यांची घडण सुरू होते. उगवायला मात्र त्यांना काळ मिळाला नाही. वैद्यकीय मदत मिळाली असती तर, हा एक विचार उराशी धरून ती मुलगी सातासमुद्रापलीकडे फिलाडेल्फियाला गेली आणि ११ मार्च १८८६ रोजी वैद्यकाची पदवी घेऊन उभी राहिली. पदवीसाठी तिने जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता प्राचीन आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. ज्या परंपरेच्या माजघरात तिचे बाळ गेले, त्याच परंपरेच्या ग्रंथांकडे ती परत वळली, त्यांत काय होते ते पाहायला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी, ती पुण्यात निवर्तली. तिने कल्याणला परत येऊन एखादा दवाखाना घातला असता, तर ‘दात येताहेत’ या कुलपाची किल्ली आमच्या आजीच्या आजीला मिळाली असती, असे मला नेहमी वाटत आले आहे.

१८५४ साली आगगाडी कल्याणपर्यंत आली आणि पुढे या गावाचे मोठे जंक्शन झाले. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका पोटापाण्यासाठी तान्ह्यांना घरी ठेवीत किंवा बाळंतपणाला गावाकडे येत. १९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावल्याचा सरकारी आकडा आहे. पुष्कळ जन्म गावी होऊन त्यांची नोंद तिकडेच राही, त्यामुळे तो आकडा फुगलेला आहे, हे मान्य करूनही तो वाचताना हात थांबतो. त्याच सुमारास सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या डॉ. बार्न्स यांना गिरणीकामगार बायकांच्या बहुतेक सर्व तान्ह्यांना अफू दिली जात असल्याचे आढळले. तिचे लाडके नाव ‘बाळागोळी’. दात येताना किरकिरणारे मूल बाळागोळीने शांत निजे, आई दिवसपाळीला जाई, आणि मूल रडत नाही म्हणून त्याला काय होत आहे हे कोणालाच कळत नसे. त्या आईला दोष देण्याचा अधिकार मला नाही; तिच्या भाकरीचा हिशेब माझ्यापेक्षा तिला अधिक ठाऊक होता.

आता त्या मधल्या वर्षांकडे वळतो. दात आला, कौतुक झाले, पुढे काय? थोरांच्या दातांसाठी दंडक होते. सुश्रुताने बारा अंगुळांचे दंतकाष्ठ सांगितले. कल्याणच्या आसपास कडुनिंब आणि बाभूळ यांच्या काड्या विपुल. भाताच्या तुसाची राख आणि शेण्यांची राखुंडी घरोघरी असे. पुष्कळ बायका तंबाखू भाजून केलेली मिसरी लावीत, आणि कडेवरचे मूल आईचे पाहून तेच बोट आपल्या तोंडात घाली. पण बाळाच्या दातांसाठी म्हणून वेगळी रीत मला कोणाच्या आठवणीत सापडली नाही. ‘पडायचेच आहेत ते,’ हे उत्तर. पडायचे आहेत म्हणून जपायचे नाहीत, हा तर्क ऐकायला सरळ आहे आणि अत्यंत घातक आहे. कारण दुधाची दाढ ही खाली तयार होत असलेल्या दाताची जागा धरून बसलेली असते, ती अकाली गेली की शेजारचे दात सरकतात, मागून येणाऱ्याला जागा उरत नाही, आणि जन्मभराची बत्तीशी वाकडी होते. शिवाय सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे जी पहिली मोठी दाढ येते, ती कशाच्याही जागी येत नाही. आई तिला दुधाचीच समजते आणि ती किडली तरी ‘पडेल’ म्हणून सोडून देते. ती पुन्हा येत नाही.

दात दुखू लागला म्हणजे वैदू येई. ‘दाताला कीड लागली’ हा शब्दप्रयोग आपण आजही करतो, पण तेव्हा तो शब्दशः खरा मानला जाई. वैदू भुईरिंगणीचे बी निखाऱ्यावर टाकून त्याची धुरी नळीने पोराच्या तोंडात घेववी आणि खाली पाण्यात पडलेल्या पांढुरक्या अळ्या आईला दाखवी. युरोपातही खुरासानी ओव्याच्या बियांनी नेमके हेच करीत. तापून फुटलेल्या बीचा कोंबच अळीसारखा दिसतो. १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने आपल्याला दातांत कधीही किडा आढळला नाही असे लिहिले, आणि १८९० साली बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर यांनी दाखवून दिले की तोंडातले सूक्ष्म जंतू पिष्ट आणि साखर यांचे आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. एका अर्थी वैदूचे नाव चुकले नव्हते. कीड होतीच, तिला डोळे नव्हते आणि तिचे अन्न आपण देत होतो.

ते अन्न विसाव्या शतकात वाढले. पूर्वी बाळाला वरचे दूध बोंडल्याने पाजीत. चांदीचे किंवा पितळेचे, चोच असलेले हे लहानसे भांडे. दूध घोटाघोटाने आत जाई, पाजणारे माणूस समोर बसलेले असे, आणि पाजून झाले की भांडे बाजूला होई. गावातल्या दूधनाक्याचे नावच सांगते की येथे दुधाचा व्यवहार किती मोठा होता. मग बाटली आली. रबरी बोंडीची बाटली बाळाच्या तोंडात देऊन आईला निजता येऊ लागले. पण निजलेल्या बाळाच्या तोंडात लाळ कमी सुटते, साखर घातलेले दूध वरच्या पुढच्या दातांभोवती रात्रभर साचून राहते, आणि दोन वर्षांच्या मुलाचे पुढचे चार दात काळे होऊन झिजतात, हे दंतवैद्यांच्या स्पष्ट लक्षात यायला १९६२ साल उजाडावे लागले. पार्ल्याच्या कारखान्याची बिस्किटे १९३९ पासून घरोघरी गेली आणि चहात बुडवलेले बिस्कीट हा लहानग्यांचा दुसरा घास झाला. खारकेची गोडी चघळून मिळवावी लागे. बिस्कीट दाताच्या खाचेत चिकटून बसते.

वैद्यकाची व्यवस्थाही याच काळात उभी राहिली. १९२० साली कलकत्त्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी देशातले पहिले दंतमहाविद्यालय काढले, १९३३ साली मुंबईत नायर रुग्णालयाचे निघाले, १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला. १९५२ साली केशव विष्णू पेंढरकर यांनी परळात विको ही संस्था काढली. तिचे पहिले उत्पादन वज्रदंती हे दंतमंजन. वज्रदंती म्हणजे आपली पिवळी कोरांटी, कुंपणाकुंपणांवर फुलणारी. दारोदार फिरून विकलेल्या त्या मंजनाचा कारखाना पुढे आमच्या शेजारच्या डोंबिवलीत आला, आणि राखुंडीच्या घरांत डबी पोहोचली.

आजची रीत सोपी आहे. दात येण्यापूर्वी ओल्या स्वच्छ फडक्याने हिरड्या पुसाव्यात. पहिला दात दिसताच मऊ ब्रश घ्यावा आणि त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. निजताना बाटली देऊ नये. आईने आपल्या तोंडातला चमचा बाळाच्या तोंडात घालू नये, कारण किडीचे जंतू बहुधा घरच्याच तोंडातून जातात. आणि पहिला वाढदिवस होण्याआधी एकदा दंतवैद्याला दाखवावे. हे मी रामबागेतल्या एका चौथ्या मजल्यावरच्या घरात, माझ्या नातीच्या आईला, म्हणजे माझ्या सुनेला, सांगायला गेलो तेव्हा ते सारे तिला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते.

त्याच नातीचा पहिला दात मागच्या महिन्यात पडला. खालचा, पुढचा, स्वच्छ, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा. आमच्या लहानपणी तो उंदराच्या बिळात टाकीत किंवा कौलांवर भिरकावीत आणि उंदराकडे त्याच्यासारखा बळकट दात मागत. तिच्या घरावर कौले नाहीत आणि बीळही नाही. तिने दात तळहातावर उलटासुलटा केला आणि विचारले, ‘आजोबा, याचं मूळ कुठं गेलं?’ मी तिला सांगितले की खालून वर येणाऱ्या नव्या दातासाठी जुन्या दाताचे मूळ हळूहळू विरघळत जाते, तेव्हाच तो सैल होतो. ती बराच वेळ त्या पोकळ टोकाकडे पाहत राहिली. मग तिने सज्जातल्या तुळशीच्या कुंडीत बोटभर माती उकरली, दात पालथा घालून पुरला, आणि आरशापुढे जाऊन जिभेने नव्या दाताची धार चाचपू लागली.